वर्गात ऑटिझम असलेला मुलगा आहे, दहा वर्षांच्या लेकीला कोणती कादंबरी द्यावी?

एल मॅक्निकल यांची ‘अ काइंड ऑफ स्पार्क’ (२०२०) द्या. इंग्रजी जड जात असेल तर रोज थोडी थोडी तुम्हीच मराठीतून सांगा.

अकरा वर्षांची ऑटिस्टिक अ‍ॅडी स्कॉटलंडमधल्या आपल्या गावात, पूर्वी चेटकिणी ठरवून मारलेल्या बायकांचं स्मारक व्हावं म्हणून झगडते. गोष्ट ती स्वतःच सांगते आणि लेखिकाही ऑटिस्टिक आहेत, त्यामुळे आवाज, उजेड, गर्दी अंगावर कशी येते ते आतून कळतं. एरवी अशा मुलांबद्दल आई, भाऊ किंवा शिक्षकच बोलत असतात. शाळेतली बाई अ‍ॅडीशी फार वाईट वागते, ती पानं मात्र लेकीजवळ बसून वाचा.

माझा भाचा नागपुरात महाल भागात राहतो. तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक आली, की ढोल ऐकून तो कान दाबून पलंगाखाली शिरायचा. मी त्याला ओढून गॅलरीत न्यायची, ‘भित्रा कुठला’ म्हणायची. आजही वाईट वाटतं त्याचं. पुस्तक वाचल्यानंतरच्या पोळ्याला खिडक्या लावून पलंगाजवळ फरशीवर नुसती बसले. बऱ्याच वेळानं खालून हात आला आणि तो माझी बांगडी फिरवत राहिला.