गडग्यावरचा वाद आणि फौजदारी वकिलाची निवड

वाचकांचे प्रश्न : कायदा

प्रश्न : आमचे गाव कुडाळ तालुक्यात असून मी नोकरीनिमित्त डोंबिवलीला राहतो. चतुर्थीला गावी गेलो असताना काजूच्या बागेतील गडग्यावरून (हद्दीच्या दगडी कुंपणावरून) चुलत्यांशी भांडण झाले. धाकट्या भावाच्या हातात कोयती होती आणि झटापटीत चुलतभावाच्या दंडाला जखम झाली. भाऊ आणि ६७ वर्षांचे वडील या दोघांवर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(१) खाली (धोकादायक हत्याराने दुखापत) गुन्हा नोंदला गेला असून दोघांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस आली आहे. आमचे जमिनीचे दावे पाहणारे वकील ‘हेही मीच बघतो’ म्हणतात, भावकीतले काही जण मुंबईचा मोठा वकील आणा म्हणतात, आणि एक वकील ठरावीक रकमेत दोघांनाही निर्दोष सोडवण्याची हमी देतात. कोणाचे ऐकावे? (नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)

उत्तर : सर्वप्रथम, नोटीस म्हणजे अटक नव्हे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ नुसार नोटिशीप्रमाणे हजर राहून तपासाला सहकार्य करणाऱ्या व्यक्तीला, कारणे लेखी नोंदवल्याशिवाय, पोलिसांना अटक करता येत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. मात्र नोटिशीकडे दुर्लक्ष केल्यास हे संरक्षण जाते. म्हणून वकील नेमायचा तो दोषारोपपत्र आल्यावर नव्हे, तर पोलीस ठाण्याची पायरी चढण्यापूर्वी. घाबरलेला माणूस पहिल्याच दिवशी ‘माझ्या हातात कोयती होती, पण…’ असे सुरू करतो आणि त्या ‘पण’च्या पुढचे कोणी ऐकत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मध्ये आहे, आणि तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घ्यायची नसते. हे दोघांनाही कोणीतरी आधी शांतपणे सांगायला हवे.

जमिनीचे दावे पाहणाऱ्या आपल्या वकिलांविषयी मला आदर आहे आणि त्यांच्याकडील सातबारा, मोजणीचा नकाशा व जुन्या दाव्याचे कागद या खटल्यातही उपयोगी पडतील. परंतु दिवाणी कामात कागद बोलतो, फौजदारी कामात साक्षीदार बोलतो. जखमीची, पंचांची आणि जखम तपासणाऱ्या डॉक्टरांची उलटतपासणी हे रोजच्या सरावाचे काम आहे. असा सराव कोणाला आहे हे शोधण्याचा माझा उपाय साधा आहे : न्यायालय सर्वांना खुले असते, तेव्हा अर्धा दिवस काढून तेथे मागच्या बाकावर बसावे. कोण तयारीने उभे राहते आणि कोण फक्त पुढची तारीख मागते, हे दुपारपर्यंत कळते.

मुंबईच्या वकिलांचे म्हणाल, तर खटला वर्षानुवर्षे चालेल तो तालुक्याच्या न्यायालयात. दर तारखेला कोकण रेल्वेने येणारा वकील आपल्याला परवडणार नाही, आणि तो आला नाही तर त्याचा कनिष्ठ केवळ तारीख घेऊन जाईल. अटकपूर्व जामिनाची गरज पडलीच तर तो अर्ज ओरोसच्या सत्र न्यायालयात करता येतो. आणि उच्च न्यायालयात जायची वेळ आली, तरी १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झालेले आहे. फिर्यादीची प्रत वाचण्यापूर्वीच ‘अटकपूर्व घालू’ म्हणणाऱ्या वकिलाला मात्र ‘का?’ असे अवश्य विचारावे.

हमी देणाऱ्यांना नम्रपणे नमस्कार करून निघावे. निकालावर अवलंबून फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, आणि निकाल आधीच ठाऊक असलेला वकील मी तरी अजून पाहिलेला नाही. ‘वर काही द्यावे लागतील’ असे सूचित झाले, तर तेथे दुसरा चहासुद्धा घेऊ नये.

आपण विचारले नाही, पण मला सर्वांत काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दोन्ही आरोपींना एकच वकील द्यावा, असे घरात गृहीत धरले जाईल. वडील ‘मी सोडवायला गेलो’ म्हणणार असतील आणि भाऊ ‘बाबांवर हात उगारला म्हणून मी कोयती उचलली’ म्हणणार असेल, तर दोघांचा बचाव एकत्र चालू शकतो. पण वडील ‘मी तेथे नव्हतोच’ म्हणत असतील, तर एकाचा बचाव दुसऱ्याला अडचणीत आणतो आणि एकाच वकिलाने दोघांसाठी उभे राहणे योग्य ठरत नाही. म्हणून पहिल्या भेटीत वकिलांना दोघांशी वेगवेगळे बोलू द्यावे, आणि आपणही बाहेर थांबावे. वकिलाला विश्वासाने सांगितलेली माहिती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नुसार गोपनीय राहते. त्यामुळे जुनी भांडणे, पूर्वीच्या अदखलपात्र नोंदी, भावाने रागाच्या भरात पाठवलेले संदेश, सारे सांगावे. मोबाईलमधील काहीही पुसून टाकू नये.

फी टप्प्याटप्प्याने ठरवून घ्यावी : आताचे काम किती, खटला चालल्यास किती. पावती मागण्यात अवमान नाही. वकीलपत्र वाचून सही करावी, कोऱ्या कागदावर मुळीच नाही.

प्रश्न : माझा मुलगा सावंतवाडीच्या कारागृहात आहे. आमचे वकील तारखांना येत नाहीत आणि राहिलेली फी दिल्याशिवाय कागद देत नाहीत. आता दुसरा वकील परवडणारा नाही. (एक आई, देवगड तालुका)

उत्तर : ताई, फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. कागदांची मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. तरीही न दिल्यास महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी ओरोसच्या न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यावा, किंवा मुलाने कारागृहातूनच अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. या कामासाठी नेमलेल्या वकिलांना ‘लोक अभिरक्षक’ म्हणतात, आणि ते केवळ फौजदारी कामच पाहतात. अर्ज देताना पुढची तारीख ठळकपणे लिहावी.