काउंटरवर बसण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

कोल्हापूरच्या उद्यमनगरात औषधाचं दुकान मिळालं, बरं झालं. लायसन्स, फ्रीज, बिलिंगचं सॉफ्टवेअर हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मी लिहितोय ते ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल आणि कोडीनच्या कफ सिरपबद्दल, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या ओपिऑइड औषधांबद्दल. नशेचा विषय निघाला की आपल्याकडे छापे आणि तालमी-जिममधली इंजेक्शनं एवढंच डोळ्यांपुढे येतं. (त्यातलं मेफेंटरमाईन ओपिऑइड नव्हे, त्याचा धोका निराळा.) तू मात्र गिऱ्हाईक काय विसरतंय तिकडे लक्ष ठेव.

माझ्याकडे लेथवर काम करणारा एक तरुण यायचा. कंबरदुखी, डॉक्टरांची रीतसर चिठ्ठी. एकदा सकाळी गोळ्या घेऊन गेला आणि जेवणाच्या सुट्टीत तीच चिठ्ठी घेऊन परत हजर. चिठ्ठीवर आपला ‘औषध दिले’ शिक्का, खाली त्याच दिवसाची तारीख. मी बोट ठेवून दाखवलं, तर नुसता बघत राहिला. शर्टाच्या खिशातून गोळ्यांच्या पट्टीचं टोक बाहेर आलं होतं, निम्मी रिकामी. दुकानातला पोरगा हसून म्हणाला, “भावा, लई टेन्शन घेतोयस.” मला काही हसू आलं नाही. चालूगिरी करणारा आवाज चढवतो, घाई करतो. हा खरोखर गोंधळला होता. घेतलेली गोळी आठवत नाही म्हणून पुन्हा घ्यायची, त्यानं आणखी विसरायचं, असं त्याचं चाललं होतं. भावाला बोलावून घेतलं आणि दोघांना सीपीआर या सरकारी दवाखान्यात धाडलं.

यामागचं कारण नीट समजून घे. ओपिऑइड श्वास मंद करतात. डोस वाढला, किंवा जोडीला दारू नाहीतर अल्प्राझोलामसारखी चिंतेवरची, झोप आणणारी गोळी गेली, की श्वास उथळ होतो आणि रक्तातला ऑक्सिजन घसरतो. त्याचा फटका मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला लवकर बसतो, आणि नवी आठवण साठवायचं काम त्याचंच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ ते २०१६ या काळात असे १४ रुग्ण नोंदले गेले, वय १९ ते ५२. स्मृती अचानक गेलेली, आणि एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस रक्तपुरवठा तुटल्यासारखा दुखावलेला. बहुतेकांच्या मागे ओपिऑइडचा इतिहास होता. असा माणूस शाळेतल्या बाईंचं नाव बिनचूक सांगेल, पण घटकाभरापूर्वीचं बोलणं त्याच्याजवळ नसतं.

हे क्वचित घडतं, म्हणून विसरणारा प्रत्येकजण त्यातलाच असं धरू नकोस. गोळ्यांच्या गुंगीत लक्षच लागत नाही, झोपेचं खोबरं होतं, आणि अल्प्राझोलाम स्वतःही आठवण पुसतं. साखर उतरलेली असेल, डोक्याला मार लागलेला असेल. निदान डॉक्टर करतील. आपण फक्त पाठवायचं, आणि घरच्यांना हाताशी धरून पाठवायचं. एकट्याला सांगितलेलं तो दसरा चौकापर्यंतही लक्षात ठेवणार नाही.

“आजपासून गोळी बंद कर” असं मात्र कुणाला म्हणू नकोस. एकदम तोडली की अंग मोडून येतं, जुलाब, तळमळ, आणि माणूस दुसऱ्या दुकानात जातो. डोस डॉक्टर हळूहळू उतरवतात, गरज पडली तर तलफ आणि त्रास शमवणारं ब्युप्रेनॉर्फिन देतात. कुणी हाक मारून उठत नसेल, ओठ निळे, श्वास अडखळता, तर क्षणभरही न थांबता १०८ ला फोन. ओपिऑइडवरचा उतारा असलेलं नालोक्सोनचं इंजेक्शन तिथं जीव वाचवतं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, काउंटरच्या काचेवर चिकटव. घरचे पोलिसांना घाबरतात. त्यांना सांग, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४-अ चं संरक्षण आहे.

आणि कॅन्सरच्या पेशंटसाठी चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईकडे संशयानं बघू नकोस. तिच्या घरातल्या वेदनेला हीच औषधं लागतात. आपल्याकडे काही दुकानदार कटकट नको म्हणून ही औषधं ठेवतच नाहीत, मला ते पटत नाही.

ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएसखाली आहे आणि शेड्यूल एच-वनमध्येही, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या, नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीत. एच-वनचं रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. पेशंटचं नाव, डॉक्टर, औषध, नग, सगळं तूच लिही. पोरावर सोडलंस तर परत आलेली चिठ्ठी तुझ्या नजरेतून सुटेल.

तुझा,
काका