वाचकांचे प्रश्न: ग्लेशियर बर्फ फोडायचं की मटण वाहायचं?

प्रश्न: अमेरिकन नेव्हीचं 'ग्लेशियर' म्हणजे अंटार्क्टिकात बर्फ फोडत जाणारं जहाज असंच मी समजत होतो. पण परवा एके ठिकाणी वाचलं की ग्लेशियर मटण वाहायचं आणि त्याने एक अख्खी गोदी ओढत नेली. नक्की काय भानगड आहे?

उत्तर: भानगड काही नाही हो, नाव एकच पण जहाजं दोन. बर्फ फोडणारं १९५५ साली नेव्हीत आलं. तुम्ही वाचलंत ते त्याच्या कितीतरी आधीचं, आणि त्याचा बर्फ बाहेर नाही तर पोटात, म्हणजे सरळसरळ तरंगतं कोल्ड स्टोरेज.

हे १८९१ साली इंग्लंडमध्ये सांडरलंडला बांधलं, तेव्हा नाव होतं पोर्ट चामर्स. आता हे नाव न्यूझीलंडच्या एका बंदराचं, तिथूनच १८८२ मध्ये डनेडिन नावाचं शिडाचं जहाज गोठवलेलं मटण घेऊन लंडनला निघालं होतं. (त्याच्या कॅप्टनचा किस्सा भारी आहे, थंड हवा सगळीकडे नीट पोचेना म्हणून स्वतः हवेच्या बोगद्यात शिरून भोकं पाडायला लागला आणि तिथेच गारठून पडला, शेवटी पायाला दोर बांधून त्याला बाहेर ओढला.)

१८९८ मध्ये स्पेनशी युद्धाच्या वेळी अमेरिकन नेव्हीने हे पोर्ट चामर्स विकत घेतलं आणि पुढे त्याचं नाव ग्लेशियर झालं. क्युबात सांतियागोची मोठी लढाई झाली ३ जुलैला आणि हे नेव्हीत रुजू झालं ५ जुलैला, म्हणजे वरातीमागून घोडं! पण खरं काम पुढेच होतं. युद्धानंतर फिलिपिन्स अमेरिकेकडे आलं, मनिलात आरमार बसलं, त्यांना ताजं मांस पाहिजे, मग ग्लेशियरच्या ऑस्ट्रेलिया ते मनिला अशा फेऱ्या सुरू झाल्या.

आता गोदी. ड्युई नावाची ही तरंगती गोदी, म्हणजे दुरुस्तीसाठी जहाजं पाण्याबाहेर उचलून धरणारी, जवळपास ५०० फूट लांब, दोन्ही बाजूंना उंच भिंती, पुढे टोक नाही, ढकलायला इंजिन नाही, वारा सुटला की त्या भिंतीच शीड होऊन बसणार. २८ डिसेंबर १९०५ ला मेरीलँडहून निघाली, टोचन करायला ग्लेशियर, कोळशाची दोन जहाजं आणि पोटोमॅक नावाची टग, म्हणजे जहाजं ओढणारी बोट. दोर तुटायचे, गोदी भरकटायची, परत पकडायची, असं करत करत सुएझमधून १० जुलै १९०६ ला फिलिपिन्सला ओलोंगापोला पोचली, सहा महिन्यांच्या वर लागले बघा! माझ्या मते यापेक्षा बर्फ फोडणं सोपं.

१९०७-०९ मध्ये अमेरिकेच्या १६ युद्धनौका जगाला चक्कर मारून आल्या, त्यांच्या रसदीलाही ग्लेशियर होतंच. १९२२ मध्ये नेव्हीने ते विकून टाकलं. गोदी मात्र अजून वीस वर्षं टिकली, १९४२ मध्ये फिलिपिन्समधल्या बातानला जपान्यांच्या हाती लागू नये म्हणून अमेरिकनांनी स्वतःच बुडवली.