छंदांतून उलगडणारे काकांचे चरित्र

प्रश्न : माझे धाकटे काका व्हीजेटीआयमधून इंजिनिअर होऊन 1969 मध्ये अमेरिकेला गेले व तेथेच स्थायिक झाले. नुकतेच त्यांचे निधन झाले. हॅम रेडिओ (हौसेखातर बिनतारी यंत्रावरून दूरच्या लोकांशी संपर्क साधणे), दुर्बिणीचे आरसे घासणे, छायाचित्रण, बासरी असे त्यांचे अनेक छंद होते. चुलत बहिणीने त्यांच्या वह्या, रेडिओची कार्डे व स्लाइड्स नौपाड्याला आमच्या घरी पाठवल्या आहेत. घरच्यांसाठी स्मरणपुस्तिका काढायची आहे. पण नोकरीच्या तपशिलापलीकडे काय लिहावे, ते सुचत नाही. – एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. नोकरीचा तपशील एका परिच्छेदात आटोपावा. मात्र 1965च्या कायद्याने अमेरिकेने देशवार जुना कोटा रद्द केला आणि त्यामुळे काकांसारख्या इंजिनिअरांना तेथे स्थायिक होण्याची वाट मोकळी झाली, एवढे अवश्य नोंदवावे. त्याआधी भारताच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम 100 जागा होत्या.

खरा ऐवज कार्डांत आहे. हॅम मंडळी संपर्क झाल्याची पोच म्हणून एकमेकांना क्यूएसएल कार्ड पाठवतात आणि त्यावर तारीख, वेळ, फ्रीक्वेन्सी व संदेश कसा ऐकू आला याची नोंद असते. मोर्समधील, म्हणजे टिंब-रेषांच्या सांकेतिक लिपीतील, '599' म्हणजे संदेश अगदी स्वच्छ पोचला. वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहिलेली असते. कार्डावर पहाटेचे 2.30 असतील, तर ठाण्यात तेव्हा सकाळचे 8 वाजलेले होते आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, हिवाळा असल्यास, आदल्या रात्रीचे 9.30. म्हणजे काका जेवणखाण उरकून यंत्रापाशी बसत, हेही त्यातून कळू शकेल. ज्या कार्डांवर पाठवणाऱ्याचे रेडिओवरचे सांकेतिक नाव (कॉल साइन) 'व्हीयू'ने सुरू होते, ती भारतातली. ती वेगळी काढावीत, कारण परदेशी फोन बुक करून तिष्ठत बसण्याच्या त्या काळात मायदेशातून आलेल्या अशा संदेशाचे मोल त्यांना किती वाटले असेल, हे आपण घरचे लोकच लिहू शकाल.

आरशांच्या वह्याही बारकाईने वाचाव्यात. दोन काचा कार्बोरंडमच्या भुकटीने एकमेकींवर घासत, भुकटी टप्प्याटप्प्याने बारीक करत वरची काच खोलगट करायची आणि शेवटी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाइतकी चूकही शोधून काढायची, हे काम ज्याने हौसेने केले, त्याचा स्वभाव कोणत्याही हुद्द्यापेक्षा तेथे अधिक स्पष्ट दिसतो. अर्धवट सोडलेला आरसा असेल, तर त्याचाही उल्लेख जरूर करावा.

स्लाइड्सना ठाण्याच्या पावसाळी हवेत बुरशी धरते. त्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्यात, ओल्या फडक्याने पुसू नयेत, आणि स्कॅन करताना पुठ्ठ्याच्या चौकटीवरचा मजकूरही टिपावा.

बासरीचे मात्र कागद नसतात. त्यासाठी काकू आणि काकांचे समवयस्क मित्र यांच्याशी फोनवर बोलून ते बोलणे ध्वनिमुद्रित करावे, आणि हे काम छपाईच्या आधी, किंबहुना सर्वांत आधी करावे.