विभाजनांमधील सामायिक मेमरी

प्रश्न : आमच्या आयबीएम पॉवर सर्व्हरवरील विभाजनांना (एकाच सर्व्हरचे स्वतंत्र संगणकांसारखे चालणारे भाग) सामायिक मेमरी द्यायची आहे. त्यांची एकत्रित मागणी पूलमधील (सामायिक साठ्यातील) प्रत्यक्ष मेमरीपेक्षा जास्त असली तर चालेल का?

उत्तर : चालेल, किंबहुना आयबीएमच्या पॉवरव्हीएम या आभासीकरण सॉफ्टवेअरमधील ही सोय त्यासाठीच आहे. मात्र सर्व विभाजनांवर एकाच वेळी ताण आला, तर हायपरवायझर (विभाजनांना मेमरी वाटून देणारा सॉफ्टवेअरचा थर) मेमरीची काही पाने, म्हणजे छोटे तुकडे, व्हीआयओएसमार्फत (इतर विभाजनांना डिस्क व नेटवर्क पुरवणारे खास विभाजन) डिस्कवर हलवतो आणि वेग घसरतो. म्हणून प्रत्येक विभाजनासाठी त्याच्या कमाल मेमरीइतके तरी पेजिंग उपकरण (ही पाने ठेवायची डिस्कवरील जागा) आधीच राखून ठेवावे. महत्त्वाच्या विभाजनाचे मेमरी-वजन (वाटपातील प्राधान्य ठरवणारा आकडा), जे ० ते २५५ असू शकते, वाढवावे. सर्वांचेच वजन सारखे वाढवणे निरर्थक आहे, कारण वाटप तुलनेनेच होते. प्रत्यक्ष आय/ओ कार्ड (डिस्क, नेटवर्क वगैरेंचे) जोडलेले विभाजन मात्र या पूलमध्ये घेता येत नाही.