भाषा-शंका: नवं घर नेमकं कोणतं?

प्रश्न: मुलगा नोकरीसाठी जकार्तात असतो, म्हणून मीही इंडोनेशियन शिकते आहे. 'माझं नवं घर' याला पुस्तकात 'रुमाह बारु साया' दिलंय, पण त्याची शेजारीण 'रुमाह साया यांग बारु' म्हणाली. बरोबर काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, दोन्ही बरोबर. 'ते माझं नवं घर' शेवटाकडून वाचा: घर, नवं, माझं, ते. झालं 'रुमाह बारु साया इतु'! ही उलटी रांग मला फार आवडते. 'इतु' आलं की बहुधा पदबंध तिथे संपतो. शेजारणीच्या 'यांग'ने मात्र निवड होते: माझ्या घरांपैकी जे नवं आहे ते, जुनं नव्हे. दोन घरं असतील तर तिचंच वाक्य वापरा.

संख्या मात्र आपल्यासारखी आधीच येते. 'तिगा एकोर कुचिंग' म्हणजे तीन मांजरं. 'एकोर' हा प्राण्यांसाठीचा गणनाशब्द, माणसांसाठी 'ओरांग'. बोलताना तो गाळला तरी चालतं. 'कुचिंग-कुचिंग' म्हणजे अनेक मांजरं, पण संख्या सांगितली की ही द्विरुक्ती करू नका.