पीएमडीए लायब्ररी वापरून लिहिलेल्या एजंटमध्ये दर सेकंदाचे आकडे का चुकतात?

आपला प्रश्न मला असा समजला : मेसेज क्यूवर (प्रोग्रामांमधील संदेशांच्या रांगेवर) लक्ष ठेवण्यासाठी आपण परफॉर्मन्स को-पायलट या संगणकांच्या कामगिरीचे आकडे गोळा करणाऱ्या प्रणालीचा एजंट, म्हणजे तिला आकडे पुरवणारा प्रोग्राम (पीएमडीए), सी भाषेत लिहिला आहे आणि ‘दर सेकंदाला किती संदेश आले’ हा आकडा आपण एजंटमध्येच काढून बाहेर देता. टर्मिनलवर फक्त पीएमव्हॅल हे आकडे दाखवणारे साधन चालू होते तोवर आकडे पटत होते, पण आकडे फाइलमध्ये साठवणारा पीएमलॉगर सुरू केल्यापासून नोंदींत भलतेच आकडे येऊ लागले. शिवाय लायब्ररीतील इतक्या फंक्शनांपैकी कोणती, कोणत्या क्रमाने वापरावीत, हेही आपण विचारले आहे. फंक्शनांची नावे मी वाचायला सोपी जावीत म्हणून जोडचिन्ह घालून लिहीत आहे. कोडमध्ये ती सलग आहेत.

आधी चुकीविषयी. एजंटने दर काढायचाच नसतो. आपल्या एजंटकडून माहिती मागणारे पीएमसीडी हे डीमन (पार्श्वभूमीत सतत चालणारा प्रोग्राम) पीएमव्हॅल, पीएमलॉगर अशा अनेक क्लायंटांच्या वतीने ती मागत असते, आणि मागच्या वेळी कोणी, केव्हा विचारले होते याचा आपला एजंट जो हिशेब ठेवतो, तो या सगळ्यांचा मिळून एकच असतो. समजा, १२:००:०० वाजता एकूण संदेश ८४,००० होते आणि १२:०१:०० वाजता ९०,००० झाले. पीएमलॉगर मिनिटातून एकदा विचारत असेल, तर त्याच्या नोंदीत सेकंदाला १०० संदेश यायला हवेत. पण पीएमव्हॅल दर दोन सेकंदांनी विचारत आहे; त्याने १२:००:५८ ला विचारले तेव्हा एजंटने आपला ‘मागचा आकडा’ बदलून ठेवला. शेवटच्या दोन सेकंदांत फक्त २० संदेश आले असतील, तर पीएमलॉगरला उत्तर मिळते सेकंदाला १०, आणि पूर्ण मिनिटाची नोंद म्हणून तेच कायम राहते. नंतर ही चूक दुरुस्त करता येत नाही, कारण मूळ आकडा कुठेच साठवलेला नसतो.

म्हणून एजंटने सुरुवातीपासूनची एकूण संख्या जशी आहे तशी द्यावी आणि मेट्रिकच्या (मोजल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या) वर्णनात तिची जात ‘काउंटर’ अशी नोंदवावी. या वर्णनात पाच गोष्टी असतात : ओळखक्रमांक, प्रकार (आकडा कोणत्या रूपात साठवला आहे), इन्स्टन्स डोमेन (ज्यांचे वेगवेगळे आकडे द्यायचे त्यांचा, इथे क्यूंचा, संच; त्यातील प्रत्येक क्यू म्हणजे एक इन्स्टन्स), अर्थजात (आकडा काउंटर आहे की इन्स्टंट) आणि एकक. घाईत लिहिणारे अर्थजात आणि एकक यांकडे दुर्लक्ष करतात, पण सगळा व्यवहार या दोहोंवरच चालतो. काउंटर म्हटले की प्रत्येक क्लायंट आपल्याच दोन वाचनांमधील फरक आपल्याच वेळेने भागतो; ‘इन्स्टंट’ म्हटले की, उदाहरणार्थ क्यूची सध्याची लांबी, आकडा आहे तसाच दाखवला जातो. प्रकार ६४ बिटांचा, चिन्हविरहित ठेवावा. ३२ बिटांचा बाइट-काउंटर एक गिगाबिटच्या पूर्ण भरलेल्या जोडणीवर सुमारे ३४ सेकंदांत उलटतो (कमाल आकडा गाठून पुन्हा शून्यापासून सुरू होतो), म्हणजे मिनिटाला एकदा विचारणाऱ्याला तो उलटला हे कळणारही नाही.

आता फंक्शनांचा क्रम. स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालणाऱ्या एजंटसाठी प्रथम पीएमडीए-डीमन, मग पर्याय वाचण्यासाठी पीएमडीए-गेट-ऑप्शन्स, मग पीएमडीए-ओपन-लॉग. त्यानंतर पीएमडीए-सेट-फेच-कॉलबॅकने आपले मूल्य देणारे फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, नोंदवावे, पीएमडीए-इनिटला मेट्रिक आणि इन्स्टन्स यांचे तक्ते द्यावेत, पीएमडीए-कनेक्टने पीएमसीडीशी जोडणी करावी आणि शेवटी पीएमडीए-मेन बोलवावे, जे मागण्यांच्या फेऱ्यात शिरते. एजंट पीएमसीडीच्याच प्रक्रियेत लोड होणार असेल, तर डीमनऐवजी पीएमडीए-डीएसओ येते; मात्र तिथे आपला एजंट कोसळला तर पीएमसीडीही कोसळते, त्यामुळे नवख्याने त्या वाटेने जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉलबॅक प्रत्येक मेट्रिकच्या प्रत्येक इन्स्टन्ससाठी वेगळा बोलावला जातो. त्यातच क्यूची स्थिती वाचण्याचे काम ठेवले, तर चाळीस क्यू आणि पाच मेट्रिक असताना एका मागणीत दोनशे वेळा तेच वाचन होते आणि एकाच उत्तरातले आकडे वेगवेगळ्या क्षणांचे असतात. यावर उपाय असा की, पीएमडीएच्या फेच फंक्शनच्या (मूल्यांची मागणी आली की बोलावल्या जाणाऱ्या) जागी आपले फंक्शन बसवावे, त्यात एकदाच ताजी स्थिती वाचून घ्यावी आणि मग लायब्ररीचे मूळ पीएमडीए-फेच बोलवावे. कॉलबॅकने फक्त वाचून ठेवलेले मूल्य उचलून द्यावे.

क्यू तयार होतात आणि नाहीशा होतात, त्यामुळे त्यांचे अंतर्गत क्रमांक आपण हाताने देऊ नयेत. पीएमडीए-कॅश-स्टोअरला नाव दिले की ते क्रमांक ठरवून देते, आणि पीएमडीए-कॅश-ऑपने ‘सेव्ह’ केल्यास व सुरुवातीला ‘लोड’ केल्यास एजंट पुन्हा सुरू झाल्यावरही त्या क्यूला तोच क्रमांक मिळतो. हे केले नाही, तर जुन्या नोंदींतील तीन क्रमांकाची क्यू आणि आजची तीन क्रमांकाची क्यू वेगळ्या निघतात.

एक गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो आहे. माझा पहिला एजंट कॉलबॅकमधून थेट डेटाबेसला प्रश्न विचारत असे. एका रात्री डेटाबेस मंदावला, पीएमसीडीची मूळची पाच सेकंदांची मुदत उलटली आणि त्याने एजंटची जोडणीच तोडली. ज्या दीड तासाची नोंद सर्वांत जास्त हवी होती, नेमका तोच दीड तास कोरा राहिला. तेव्हापासून हळू चालणारे वाचन मी वेगळ्या थ्रेडमध्ये (त्याच प्रक्रियेत समांतर चालणाऱ्या धाग्यात) करतो. तो थ्रेड म्युटेक्स (एका वेळी एकालाच तक्ता हाताळू देणारे कुलूप) घेऊन फक्त स्मृतीतला तक्ता भरतो. लायब्ररीची सर्व फंक्शने मुख्य थ्रेडमधूनच बोलावली जातात. तक्ता किती जुना आहे, हेही मी एक स्वतंत्र मेट्रिक म्हणून देतो, म्हणजे शिळा आकडा ताजा म्हणून खपत नाही.

पीएमसीडीला जोडण्याआधी डीबीपीएमडीए या एजंट तपासण्याच्या साधनात एजंट ‘ओपन पाइप’ने उघडावा, ‘टायमर ऑन’ करावे आणि ‘फेच’ देऊन प्रत्येक उत्तराला लागणारा वेळ पाहावा. दर काढणारा कोड काढून टाकल्यावर आपला पहिला प्रयोग पुन्हा करा : दोन टर्मिनलांवर दोन पीएमव्हॅल, एक दोन सेकंदांचे आणि दुसरे मिनिटाचे. मिनिटाच्या पीएमव्हॅलवर दिसणारा दर दुसऱ्याच्या त्याच मिनिटातील तीस आकड्यांच्या सरासरीशी जुळला पाहिजे.